कायदा होण्याआधी



मार्च 1912 मध्ये कलकत्त्याच्या केंद्रीय कायदेमंडळात एक ठराव 38 विरुद्ध 13 मतांनी फेटाळला गेला. ठराव नामदार गोखल्यांचा होता आणि त्यांच्या प्राथमिक शिक्षण विधेयकासंबंधी होता. मागणी बेताची होती. जिथे पुरेशी मुले आधीच शाळेत जातात, तिथल्या नगरपालिकेला किंवा लोकल बोर्डाला वाटले तर सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांसाठी शिक्षण सक्तीचे करता यावे. खर्चाचा दोन तृतीयांश भार सरकारने उचलावा आणि उरलेला स्थानिक संस्थेने. मार्च 1911 मध्ये त्यांनी हे विधेयक मांडले. वर्षभर ते देशभर मतासाठी फिरले. प्रांतिक सरकारे, पालिका, सभा-संस्था अशा सगळ्यांची मते आली.

त्या दिवशी गोखले सभागृहाकडे काय मागत होते, हे नीट पाहायला हवे. विधेयक मंजूर करा, असे ते म्हणत नव्हते. ते प्रवर समितीकडे पाठवा, एवढेच म्हणत होते. दहा-पंधरा माणसांनी एकत्र बसून कलमे वाचावीत, दोष असतील ते काढावेत आणि मग सभागृहाने हो किंवा नाही म्हणावे. तेवढेही झाले नाही. विधेयक समितीच्या दारातूनच परत पाठवले गेले. शिक्षणाचा हक्क राज्यघटनेत आला 2002 मध्ये, शहाऐंशीव्या दुरुस्तीने, आणि त्याचा कायदा प्रत्यक्ष लागू झाला 1 एप्रिल 2010 रोजी. मधल्या काळात किती पिढ्या शाळेच्या बाहेर राहिल्या, त्याचा हिशेब मांडवत नाही.

आज मला याच टप्प्याविषयी बोलायचे आहे. विधेयक मांडले गेले आहे पण मंजूर झालेले नाही, अशा मधल्या काळाविषयी. आपल्याकडे कायदा झाला की त्यावर बोलायचे, मोर्चा काढायचा, कोर्टात जायचे अशी रीत पडली आहे. निवडणुकीतही आपण हिरिरीने भाग घेतो. पण निवडणूक आणि कायदा यांच्या मध्ये जी जागा आहे, जिथे शेतकऱ्याचे, मजुराचे, बाईमाणसाचे अनुभवाचे शहाणपण कायद्याच्या मजकुरात शिरू शकते, त्या जागेकडे आपले लक्ष नाही. ही जागा अलीकडे आकसत चालली आहे आणि ती आकसते आहे याची खंतही फारशी कुणाला वाटत नाही, म्हणून हा विषय निवडला.

संसदेत विधेयकाचे काय होते ते थोडक्यात सांगतो. मंत्री विधेयक मांडतात, ते पहिले वाचन. दुसऱ्या वाचनात आधी तत्त्वावर चर्चा होते आणि मग कलमवार विचार. तिसऱ्या वाचनात मंजुरी. हेच सारे दुसऱ्या सभागृहात पुन्हा, आणि शेवटी राष्ट्रपतींची संमती. समितीकडे विधेयक जाते ते साधारणपणे मांडल्यानंतर आणि कलमवार विचार होण्याआधी. 1993 पासून प्रत्येक खाते एका स्थायी समितीच्या कक्षेत आहे. या समित्या आता 24 आहेत. याशिवाय एखाद्या विधेयकापुरती दोन्ही सभागृहांची संयुक्त समिती किंवा एका सभागृहाची प्रवर समिती नेमता येते. समितीच्या बैठका बंद दाराआड होतात. तिथे कॅमेरा नसतो, म्हणून भाषणबाजीही कमी असते. सत्ताधारी आणि विरोधी खासदार एका टेबलाभोवती बसून सचिवांना प्रश्न विचारतात, बाहेरच्या माणसांना साक्षीला बोलावतात आणि वर्तमानपत्रात जाहिरात देऊन जनतेच्या सूचना मागवतात. विधेयक समितीकडे पाठवलेच पाहिजे असे बंधन मात्र कुठेच नाही. पाठवायचे की नाही, हे त्या त्या वेळच्या राजकीय मर्जीवर असते.

समितीने काय साधते हे मी एका कायद्यावरून दाखवतो. आपल्या भागाच्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून त्यावर थोडा रेंगाळेन.

जागतिक व्यापार संघटनेचे सदस्यत्व घेतल्यावर पिकांच्या नव्या वाणांना संरक्षण देणारा कायदा करणे भारताला भाग होते. वाण तयार करणाऱ्या पैदासकाराला, मग ती कंपनी असो वा विद्यापीठ, त्या वाणावर ठरावीक वर्षे मालकीसारखा हक्क द्यायचा. त्यासाठीचे विधेयक 1999 मध्ये लोकसभेत आले. त्याचा भर अर्थातच पैदासकारावर होता. शेतकऱ्याच्या हक्काला त्यात ओझरती जागा होती. विधेयक संयुक्त समितीकडे गेले. साहिबसिंह वर्मा तिचे अध्यक्ष होते. समितीपुढे शास्त्रज्ञ आले, बियाणे कंपन्या आल्या, शेतकऱ्यांच्या बाजूने वर्षानुवर्षे झगडणाऱ्या संस्था आल्या. समितीने 2000 मध्ये अहवाल दिला आणि विधेयकाचा तोंडवळाच बदलला. शेतकऱ्यांच्या हक्कांचे स्वतंत्र प्रकरण त्यात आले. 2001 मध्ये कायदा मंजूर झाला तेव्हा त्याच्या नावातच पीकवाण संरक्षणाबरोबर शेतकऱ्यांचे हक्कही होते.

या प्रकरणातले 39 वे कलम, त्यातले पहिले पोटकलम आणि त्यातला चौथा खंड काढून वाचा. शेतकऱ्याने आपल्या शेतातले उत्पादन, संरक्षित वाणाच्या बियाण्यासह, जपून ठेवावे, वापरावे, पेरावे, पुन्हा पेरावे, त्याची अदलाबदल करावी, वाटून द्यावे किंवा विकावे. हा कायदा येण्याआधी त्याला जसा अधिकार होता तसाच तो पुढेही राहील. अट एकच, ब्रँडच्या नावाने ते विकायचे नाही. शेतकऱ्याच्या घरात बियाण्याचे जे जे होते ते सगळे या सात क्रियापदांत आले आहे. कणगीत राखून ठेवलेली ज्वारी आली, शेजारणीला ओंजळभर दिलेले वालाचे बी आले, बाजारात पायलीने विकलेले आले. हे शेतीतल्या माणसांनी सांगितल्याशिवाय दिल्लीतल्या मसुदाकाराला सुचणारे नव्हते.

आता पुढचे ऐका. 2019 च्या एप्रिलमध्ये पेप्सिको कंपनीने गुजरातमधल्या काही बटाटा उत्पादकांवर अहमदाबादच्या व्यापारी न्यायालयात दावे लावले. चिप्ससाठी कंपनीने नोंदवलेले बटाट्याचे वाण त्यांनी परवानगीशिवाय लावले, असा आरोप होता. साबरकांठ्यातल्या काही शेतकऱ्यांकडून तर प्रत्येकी एक कोटीहून जास्त भरपाई मागितली होती. चार-पाच एकरांचा शेतकरी एक कोटी कुठून देणार? देशभर ओरड झाली. शेतकऱ्यांच्या बाजूने पुढे केले गेले ते हेच 39 वे कलम. मे महिन्यात कंपनीने दावे मागे घेतले. लोकांचा रोष, निवडणुकीचे दिवस, सरकारची मध्यस्थी ही कारणे त्यामागे होतीच. पण रोषाला टेकायला कायद्याचा खांब होता, आणि तो एकोणीस वर्षांपूर्वी एका समितीच्या खोलीत रोवला गेला होता. सभागृहात त्या विधेयकावर कोण काय बोलले ते आज कुणाला आठवत नाही. समितीने घातलेला खंड मात्र उपयोगी पडला.

दुसरे उदाहरण बियाण्याचेच. 2004 मध्ये राज्यसभेत नवे बियाणे विधेयक आले. शेतकऱ्याने आपले बियाणे जपावे, द्यावे, विकावे, याला त्यातही मुभा होती. पण पाठोपाठ एक परंतुक होते. ब्रँडने विकायचे नाही, आणि उगवणशक्ती व शुद्धता यांची किमान मानके पूर्ण न करणारे बियाणेही विकायचे नाही. वरवर पाहता यात वावगे काही दिसत नाही. चांगले बी विका, एवढेच तर म्हटले आहे. पण म्हणजे गावातल्या बाईने शेजारच्या गावी पसाभर तूर विकली तर तिची प्रयोगशाळेत तपासणी झालेली हवी आणि नसेल तर ती गुन्हेगार. हे परंतुक शेतकऱ्याच्या हक्काच्या मुळावर येते, हे कृषी स्थायी समितीने हेरले आणि 2006 च्या अहवालात त्यात बदल सुचवला. ते विधेयक पुढे कधीच मंजूर झाले नाही.

आता तोच विषय पुन्हा दारात आहे. केंद्रीय कृषी मंत्रालयाने नोव्हेंबर 2025 च्या मध्यास नव्या बियाणे विधेयकाचा मसुदा जाहीर केला आणि 11 डिसेंबरपर्यंत सूचना मागवल्या. सध्याचा कायदा 1966 चा आहे आणि तो बदलायलाच हवा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्या कायद्यात शिक्षा किती आहे ठाऊक आहे? पहिल्या गुन्ह्याला पाचशे रुपयांपर्यंत दंड. पुन्हा केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. आज सोयाबीनच्या एका पिशवीची किंमत यापेक्षा कितीतरी जास्त आहे. ज्याचे शेत उगवलेच नाही त्याला भरपाई मिळावी, अशी तरतूद त्या कायद्यात नाहीच. सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या प्रकरणात शेतकरी हा ग्राहकच आहे असे सांगून ग्राहक मंचाचे दार खुले ठेवले, तेवढाच आधार.

2020 चा खरीप या सभागृहातल्या अनेकांना आठवत असेल. सोयाबीन उगवले नाही. विदर्भ-मराठवाड्यातून हजारो तक्रारी आल्या. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. त्या हंगामात मी एका शेतावर पंचनामा होताना उभा होतो. तालुका तक्रार निवारण समिती आली होती. शेतकऱ्याने पिशवी, तिच्या तोंडाशी शिवलेले लेबल, पावती आणि मूठभर उरलेले बी जपून ठेवले होते. समितीतल्या शास्त्रज्ञाने ओळीओळीत काठीने जागा मापून रोपे मोजली, काही ठिकाणी माती उकरून न उगवलेले दाणे हातात घेऊन चुरडून पाहिले. काही दाणे कुजले होते, काही तसेच कोरडे. पेरणी खोल झाली का, पाऊस किती पडला होता, बीजप्रक्रिया केली होती का, असे प्रश्न झाले. सगळे रीतसर चालले होते. पण शेतकऱ्याचे लक्ष आभाळाकडे होते. जमिनीत ओल होती आणि दुबार पेरणी करायची तर त्याच्या हाती दोन-तीन दिवसच होते. रान मोडले तर पुरावा जातो आणि रान तसेच ठेवले तर हंगाम जातो. तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला हा पेच कळत होता. 1966 च्या कायद्याला तो ठाऊक नाही.

नव्या मसुद्यात वाणांची नोंदणी आहे, पिशवीवर क्यूआर कोड आहे, दंडाच्या रकमा मोठ्या आहेत, शेतकऱ्याला स्वतःचे बी राखण्याचा-देण्याचा हक्क आहे. हे सगळे चांगले आहे. पण पिशवी कुठून आली हे मोबाइलवर कळले, तरी उगवले नाही त्याचे काय? दंड सरकारच्या तिजोरीत जातो. पैसा शेतकऱ्याच्या हाती कोण देणार, किती दिवसांत देणार, हा प्रश्न शेतकरी संघटनांनी पहिल्यापासून लावून धरला आहे आणि तो अगदी रास्त आहे.

सूचनांचा काळ कोणता होता तेही पाहा. मध्य नोव्हेंबर ते 11 डिसेंबर. कपाशीची वेचणी ऐन भरात, तूर शेंगेवर आलेली, हरभऱ्याला पहिले पाणी. शेतकऱ्याला मान वर करायला सवड नसते अशा दिवसांत त्याने इंग्रजी मसुदा वाचून ईमेलने अभिप्राय पाठवावा, अशी अपेक्षा. विधेयक मांडण्यापूर्वी मसुदा किमान 30 दिवस जनतेपुढे ठेवावा, असे केंद्र सरकारचे 2014 पासूनचे धोरण आहे. ते कायदेशीर बंधन नाही, आणि अनेक विधेयके त्याशिवायच संसदेत जातात. इथे जेमतेम चार आठवडे तरी मिळाले, असे म्हणायची वेळ आली आहे.

समितीकडे जाणाऱ्या विधेयकांचे प्रमाण सांगितले की परिस्थिती कळेल. पंधराव्या लोकसभेत, म्हणजे 2009 ते 2014 मध्ये, 71 टक्के विधेयके समितीकडे गेली होती. सतराव्या लोकसभेत, 2019 ते 2024 मध्ये, हे प्रमाण 16 टक्क्यांवर आले. संसदेच्या बैठकांचे दिवसही घटले. पहिली लोकसभा वर्षाला सरासरी 135 दिवस बसत होती, सतरावी 55 दिवस. मी हे कुणा एका पक्षाच्या खाती टाकत नाही. समित्या बांधल्या त्याही राजकारण्यांनीच आणि ओस पाडल्या त्याही. पण 71 वरून 16 ही घसरण दुर्लक्ष करण्याजोगी नाही.

या घसरणीची किंमत काय, ते 2020 च्या तीन कृषी कायद्यांनी दाखवले. जूनमध्ये वटहुकूम निघाले. सप्टेंबरमध्ये विधेयके आली आणि त्याच महिन्यात मंजूर झाली. समितीकडे पाठवा ही मागणी राज्यसभेत झाली होती, ती मानली गेली नाही. 20 सप्टेंबरला गोंधळात आवाजी मतदान झाले. मग वर्षभर दिल्लीच्या सीमांवर शेतकरी बसले. 29 नोव्हेंबर 2021 रोजी दोन्ही सभागृहांनी एकाच दिवसात, चर्चेविना, ते कायदे रद्द केले. या कायद्यांचे समर्थक आपल्या महाराष्ट्रातही होते. शरद जोशींच्या विचारांत वाढलेले अनेक कार्यकर्ते बाजार खुला व्हावा या मताचे होते आणि आहेत. विरोधकही होते. या दोघांना समोरासमोर बसवून, बाजार समितीचा सेस, हमीभाव, वाद झाला तर प्रांताकडे जायचे की दिवाणी कोर्टात, या एकेका कलमावर त्यांचे म्हणणे नोंदवून घेता आले असते. सहा-आठ महिने गेले असते. त्याऐवजी वर्ष गेले, माणसे गेली, आणि शेतमाल बाजाराचा प्रश्न जिथे होता तिथेच राहिला. येतानाही चर्चा नाही, जातानाही नाही. समर्थकांचाही यात तोटाच झाला, हे मला मुद्दाम सांगायचे आहे.

रोजगार हमीचे उदाहरण महाराष्ट्राच्या जवळचे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून ही योजना उभी राहिली, 1972 च्या दुष्काळात ती तावून सुलाखून निघाली आणि 1977 मध्ये आपल्या विधिमंडळाने तिचा कायदा केला. त्या धाग्यावर डिसेंबर 2004 मध्ये संसदेत ग्रामीण रोजगार हमी विधेयक आले. मांडले तेव्हा ते फक्त गरीब कुटुंबांपुरते होते. ते ग्रामीण विकास स्थायी समितीकडे गेले. सरकार काँग्रेस आघाडीचे होते आणि समितीचे अध्यक्ष होते भाजपचे कल्याण सिंह. आठ महिने काथ्याकूट झाला. ऑगस्ट 2005 मध्ये कायदा मंजूर झाला तेव्हा गरिबीच्या दाखल्याची अट गेली होती आणि अंगमेहनत करायला तयार असलेल्या प्रत्येक ग्रामीण कुटुंबाला हक्क मिळाला होता. परिशिष्टात तर अशी बारीक तरतूद होती की कामावर आलेल्या बायांची सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुले असतील तर त्यांतल्याच एका बाईला मुले सांभाळायला नेमावे, आणि तिलाही मजुरी द्यावी. झाडाच्या फांदीला बांधलेली झोळी ज्यांनी पाहिली आहे, त्यांच्या अनुभवाशिवाय असे वाक्य कायद्यात येत नाही.

डिसेंबर 2025 मध्ये या कायद्याच्या जागी नवा कायदा आणणारे विधेयक संसदेत मांडले गेले आणि त्याच आठवड्यात दोन्ही सभागृहांत मंजूर झाले. शंभरऐवजी सव्वाशे दिवस, खर्चात राज्यांचा मोठा वाटा, शेतीच्या हंगामात कामे थांबवण्याची मुभा, असे दूरगामी बदल त्यात आहेत. हे बदल बरे की वाईट यावर मतभेद असू शकतात. पण बांधावर काम करणाऱ्या एकाही बाईला त्याबद्दल बोलण्याची संधी मिळाली नाही. विरोधकांनी स्थायी समितीची मागणी केली होती, ती मान्य झाली नाही. मला याचे फार वाईट वाटते.

वेळ नव्हता, असे म्हणाल तर त्याच वर्षातले आयकर विधेयक पाहा. फेब्रुवारी 2025 मध्ये ते मांडले गेले आणि लगेच लोकसभेच्या प्रवर समितीकडे गेले. बैजयंत पांडा अध्यक्ष होते. जुलैमध्ये समितीने 285 शिफारशी केल्या. सरकारने जुना मसुदा मागे घेतला, बहुतेक शिफारशी घालून ऑगस्टमध्ये नवा आणला आणि तो मंजूर करून घेतला. म्हणजे समितीने काम केले, मंत्र्यांनी ऐकले, कायदा सुधारला आणि वेळही फार गेला नाही. करदात्यांच्या बाजूने बोलायला सनदी लेखापालांच्या संस्था आहेत, वाणिज्य मंडळे आहेत, कर सल्लागार आहेत. एकेका स्वल्पविरामावर टिपण देणारी माणसे त्यांच्याकडे आहेत. रोजगार हमीच्या मजुराकडे आणि बियाणे घेणाऱ्या शेतकऱ्याकडे अशी माणसे नाहीत. ज्यांच्या बाजूने बोलायला कुणी नाही, त्यांच्याच विधेयकांना समितीची जास्त गरज असते, आणि नेमकी तीच घाईने जातात.

संख्येने हे भरून निघत नाही. वक्फ विधेयकाच्या संयुक्त समितीकडे सुमारे 97 लाख निवेदने आली. मोहिमा चालवून, एकच मजकूर हजारो हातांनी पुढे ढकलून आलेली निवेदने समितीच्या कचेरीला वाचणे अशक्य असते. शेवटी पक्षांच्या रेघेवरच मतदान होते. एखाद्या तालुक्यातून आलेले दोन पानांचे, कलमाचा क्रमांक देऊन अनुभव सांगणारे पत्र यापेक्षा जास्त काम करू शकते. समित्यांच्या अहवालांमागे जोडलेल्या याद्या वाचल्या तर दिसते की अशी पत्रे पाठवणाऱ्यांत महाराष्ट्रातल्या गावांची नावे क्वचितच असतात.

त्याचे एक कारण भाषा आहे. संसदेतल्या विधेयकाची अधिकृत प्रत इंग्रजी आणि हिंदीत निघते. केंद्रीय कायद्यांचे प्रादेशिक भाषांतले प्राधिकृत पाठ काढण्यासाठी 1973 चा एक कायदा आहे, पण तो कायद्यांसाठी आहे, विधेयकांसाठी नाही. म्हणजे बियाणे विधेयक मराठीत येईल ते मंजूर झाल्यावर, जेव्हा त्यातला काना-मात्राही आपल्याला बदलता येणार नाही. याहून बरे आपल्याकडे पूर्वी घडलेले आहे. हिंदू कायद्याच्या सुधारणेसाठी नेमलेल्या राव समितीने 1944 मध्ये, महायुद्ध चालू असताना, आपला मसुदा प्रादेशिक भाषांत भाषांतरित करून लोकांपुढे ठेवला. पुण्याच्या विधी महाविद्यालयाचे प्राचार्य ज. र. घारपुरे त्या समितीत होते. समिती देशातल्या प्रमुख शहरांत गेली, मुंबई-पुण्यात साक्षी घेतल्या, कडाडून विरोध करणाऱ्यांचेही ऐकून घेतले. डॉ. आंबेडकरांनी पुढे जे हिंदू कोड बिल लढवले त्याच्या पायात ही सगळी मेहनत होती. अलीकडचेही एक उदाहरण आहे. पर्यावरणीय परिणाम मूल्यमापनाच्या मसुदा अधिसूचनेबाबत दिल्ली उच्च न्यायालयाने 30 जून 2020 रोजी आदेश दिला की ती आठव्या अनुसूचीतल्या सर्व 22 भाषांत प्रसिद्ध करावी. अधिसूचनेला जे लागू, ते विधेयकाला का नको?

माझी मागणी साधी आहे. संसदेत मांडलेल्या प्रत्येक विधेयकाचा मराठी पाठ त्याच आठवड्यात राज्य सरकारने उपलब्ध करून द्यावा. भाषा संचालनालय आपल्याकडे आहे, विधी अनुवादक आहेत, आता यंत्रानुवादाची मदत आहे. मनावर घेतले तर हे अवघड नाही. तोवर इथल्या विधी महाविद्यालयाने आणि ग्रंथालयाने मिळून निवडक विधेयकांचे वाचन सुरू करावे. बिलाच्या शेवटी उद्देश व कारणांचे निवेदन असते, ते सगळ्यांत आधी वाचले जाते. ते जरूर वाचा, पण तिथे थांबू नका. त्यापुढे वित्तीय ज्ञापन असते, त्यात पैसा कोण देणार ते कळते. आणि एक प्रत्यायोजित विधिविधानाचे ज्ञापन असते. नाव जड आहे, पण संसद कोणते अधिकार सरकारच्या हाती सोपवते आहे त्याची ती यादी आहे. कलमात जिथे जिथे ‘विहित करण्यात येईल त्याप्रमाणे’ असे येते, तिथे खरा निर्णय नंतर मंत्रालयात नियमांनी होणार असतो. भरपाईची रक्कम, मुदत, तक्रार कुणाकडे करायची, अशा शेतकऱ्याच्या कामाच्या गोष्टी बहुधा या शब्दांमागेच असतात.

एक राष्ट्र एक निवडणुकीचे विधेयक डिसेंबर 2024 पासून संयुक्त समितीपुढे आहे. ती समिती मे 2025 मध्ये मुंबईत येऊन गेली. तिथे पक्षांचे नेते, अधिकारी, बँकांचे प्रतिनिधी भेटले. तीस दिवस कोठडीत राहिलेल्या मंत्र्याला पदावरून दूर करण्याचे 130 वे घटनादुरुस्ती विधेयकही समितीकडे गेले आहे आणि त्या समितीवर अनेक विरोधी पक्षांनी बहिष्कार घातला आहे. मला हा बहिष्कार पटत नाही. समितीत हरले तरी भिन्नमत पत्रिका जोडता येते, आणि ती छापली जाते. गोखल्यांना तेवढीही संधी मिळाली नव्हती.

पण या मोठ्या विधेयकांवर बोलायला वर्तमानपत्रे आहेत. इथल्या श्रोत्यांनी लक्ष घालावे ते बियाणे विधेयकात. ते संसदेत आले की कृषी स्थायी समितीकडे पाठवा, असे आपल्या खासदारांना पत्र लिहावे. समितीची जाहिरात आली की तिला लिहावे. मागणी एकाच कलमाची असली तरी चालेल. मी त्याचा कच्चा मसुदा सांगतो, तो असा: उगवण झाली नसल्याची तक्रार शेतकऱ्याने दिल्यापासून इतक्या दिवसांत सक्षम अधिकाऱ्याने शेतावर येऊन पंचनामा करावा. त्या मुदतीत अधिकारी आला नाही तर शेतकऱ्याने गावातल्या दोन साक्षीदारांसमक्ष केलेला, छायाचित्रांसह नोंदवलेला पंचनामा पुरावा म्हणून ग्राह्य धरावा आणि दुबार पेरणी केली म्हणून त्याची तक्रार फेटाळू नये. यात ‘इतक्या दिवसांत’ म्हटले आहे तिथला आकडा मी मोकळा ठेवला आहे. ओल किती दिवस टिकते, हे काळ्या रानातल्याने वेगळे सांगावे आणि मुरमाड रानातल्याने वेगळे.